मागची सीट अक्काची होती

मंडळी, बसून घ्या. उन्हातले लोक थोडं आत सरका, मंडपात जागा हाय.

मला माईकवर बोलायची सवय न्हाई. मी उत्तम. नांदेडहून लोह्याला जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज हाय. हितं बसलेल्या निम्म्या लोकांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात. माझ्या आधी दोन गुरुजी बोलले, लई चांगलं बोलले. मला तसं जमणार न्हाई. पाना धरायचे हात हायेत हे, माईक धरायचे न्हाईत.

खरं सांगतो, मी बोलणार नव्हतो. सरांच्या फोटोला फूल वाहून मागच्या मागं निघणार होतो. पण समोर अक्का बसल्यात.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. अक्का म्हणजे बिरादार सरांच्या थोरल्या बहीण. देवणीला राहतात. पाय प्लास्टरमधी हाय, जीपमधी मागं गादी टाकून आणलंय त्यांना. आज चार दिवस झालं, जो कोणी भेटायला येतो त्याला अक्का एकच सांगतात. "माझा भाऊ माझ्यावर रुसून गेला." सकाळी सांगतात, दुपारी सांगतात. काल मी दारात चपला काढत होतो, तवा बी तेच कानावर आलं. "रुसूनच गेला बघा माझा व्यंकट."

न्हाई अक्का. सर रुसून गेले न्हाईत. ते मला ठाऊक हाय, अन् फक्त मलाच ठाऊक हाय. म्हणून उभा राहिलो. मंडळी, हात जोडतो, मधी मला खाली बसवू नका.

सर आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकवायचे. मी त्यांचा पोरगा. म्हणजे विद्यार्थी, पण सर पोरगाच म्हणायचे. मला पहिला पाना त्यांनी हातात दिला, अन् पहिली चापट बी त्यांनीच दिली. नटाला आटे उलटे असतात का सुलटे, हे न बघता जोर लावलो होतो. सर म्हणले, "उत्तम्या, जोर बैलाला बी असतो. तू आधी बघायला शीक." रिटायर झाल्यावर रोज चार वाजता माझ्या गॅरेजला यायचे. ऑइलच्या डब्यावर बसायचे. पाऊस असो, ऊन असो, चार म्हणजे चार.

आता गाडीचं सांगतो. गाडी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार न्हाई.

सहा वर्षांमागं सर हदगावकडं कुणाच्या लग्नाला गेलते. तिथं एका बागायतदाराच्या पत्र्याच्या शेडमधी, कापसाच्या पोत्याखाली, त्यांना एक मोटारसायकल दिसली. जर्मन बनावटीची, जुनी, हजार सीसीला थोडी कमी. कोण परदेशी माणूस ती चालवत ह्या देशात आला, कुठं बंद पडली, ह्या शेडात कशी पोचली, ते त्या बागायतदाराला बी धड सांगता येत नव्हतं. त्यानं ती एक दिवस चालवलेली नव्हती. पण सोडायला बी तयार नव्हता. त्याला नाद होता बैलांचा. म्हणला, "गुरुजी, तुम्ही देवणीचे. मला देवणी जोड पायजे. खरी. पांढरं अंग, काळं तोंड."

अन् सरांनी जोड दिली.

ती जोड अक्कानं वासरं असल्यापासून वाढवलेली. सर नांदेडला नोकरीला, शेत बघणार अक्का, गोठा बघणार अक्का. सरांनी विचारलं न्हाई. टेम्पो आणला, बैल चढवले, घेऊन गेले. आठ दिवसांनी त्याच टेम्पोत ही गाडी घालून देवणीला दाखवायला नेली. काय म्हणावं ह्या माणसाला! अक्का बाहेर आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारल्या. ह्या गाडीचे सिलिंडर दोन्ही बाजूंनी आडवे बाहेर आलेले असतात, पायापाशी. अक्का म्हणल्या, "माझ्या बैलांची शिंगं वर होती. ह्याला खाली फुटलीत. चालतंय का हे?"

चालत नव्हतं. इंजिन जाम होतं.

"मग हे चालवून माझ्या दारात आण," अक्का म्हणल्या, "तवर तोंड दाखवू नको."

सर बी तसलेच. "ह्याच्यावरच बसून येईन. न्हाई तर तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई."

झालं. सहा वर्षं. सहा भाऊबीजा. एका घरातली दोन माणसं, दोघांची डोस्की दगडाची. माफ करा अक्का, पण खरं हाय ते. हसून राहिलात का रडून राहिलात, मला हितून दिसत न्हाई.

गाडी माझ्या गॅरेजात आली. सहा वर्षांत आम्ही ती कणकण खोललो. टाकीत गंज, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. हे सगळं चालू असताना सर मला ती गाडी शिकवायचे. मी पन्नाशीचा माणूस, पण त्यांच्यापुढं अजून पहिल्या वर्षालाच होतो.

सर म्हणायचे, "उत्तम्या, रेसची गाडी अर्धा तास पळते अन् मग माणूस कंबर धरून बसतो. टूरची गाडी दिवसभर चालते, पण म्हशीगत. ह्या लोकांनी दोघींची सोयरीक लावून दिली." पुढं ते कवच हाय ना गाडीला, फेअरिंग, त्याच्यावरनं असा हात फिरवायचे. "ही खरी कारागिरी. मोठ्या पंख्यापुढं गाडी उभी करून, वारा कुठनं जातो ते बघून बघून हे घडवलंय. साधी गाडी वेगात हलकी होते, पुढचं चाक जमीन सोडाया बघतं. हिचं उलटं हाय. वारा हिला खाली दाबतो. जितकी पळवशील तितकी रस्त्याला धरून चालते." हँडल आखूड, अरुंद, कवचाच्या आत बसणारं. माणूस थोडा पुढं वाकून बसतो. लोळून न्हाई अन् पालथा पडून बी न्हाई. सिलिंडर आडवे म्हणून सगळं वजन खाली, घोट्याच्या उंचीला. म्हणून एवढी थोरली गाडी वळणाला शेळीगत वळते.

चेन न्हाई हिला. ट्रकला असतो तसा फिरता दांडा, शाफ्ट, मागच्या चाकापर्यंत. त्यामुळं एक खोड हाय. मूठ पिळून गॅस दिला की मागचा भाग उठतो, सोडला की बसतो. सर म्हणायचे, "बैल उठताना आधी मागचं उचलतो का न्हाई? तसं. घाबरायचं न्हाई. फक्त वळणात गॅस सोडायचा न्हाई." बैल देऊन आणली, अन् हिच्यात बी त्यांना बैलच दिसायचा.

अन् मागची सीट. ते मुद्दाम सांगतो.

गाडी स्टँडवर असायची, चाकं बी नसायची कधी कधी, तरी सर जाऊन मागच्या सीटवर बसायचे. चालवणाऱ्याच्या न्हाई, मागच्या. मला म्हणायचे, "समोर उभा राहून टेबलफॅन लाव." मी लावायचो. फॅनसमोर, एवढे शिकलेले, सत्तरीचे गृहस्थ, मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेत. बघणारे म्हणायचे सरांचं डोकं फिरलं. सर म्हणायचे, "लागत न्हाई रे. वारा हितं लागतच न्हाई. अक्काला दमा हाय. एसटीत खिडकीतनं धुरळा आला की तिचा जीव जातो, म्हणून ती कुठं जात न्हाई. हिच्यावर बसवून तिला नांदेडला आणीन. गोदावरी दाखवीन. कंधार, जांब, जळकोट, उदगीर, सगळा रस्ता, तिच्या तोंडाला धूळ लागायची न्हाई."

अक्का, ऐकलात का? हे सहा वर्षं चालू होतं. रुसलेला माणूस असं करतो का?

गेल्या सालच्या दिवाळीपर्यंत गाडी झाली. सगळी झाली. फक्त एक वस्तू राहिली. कार्बोरेटरच्या आत रबराचा एक पडदा असतो, दुधावरच्या सायीएवढा पातळ. इंजिनानं जेवढी हवा मागितली तेवढा तो पडदा वर उचलला जातो. दोन सिलिंडर, दोन पडदे. एक फाटलेला. मी ट्यूब कापून बनवून बघितलो, फुगा लावून बघितलो. गाडी एका सिलिंडरवर खोकत चालायची अन् बंद पडायची. ते रबर बाहेरून मागवावं लागणार होतं. मी मागवलो.

मग रोज चार वाजता सर यायचे, डब्यावर बसायचे, अन् विचारायचे, "उत्तम्या, आलं का रे पार्सल?"

मी म्हणायचो, "येऊन राहिलं, सर."

मंडळी, आपली बोली लई बेकार हाय. पुण्याच्या माणसाला विचारलं तर तो सांगतो, आलं, न्हाई तर आलं न्हाई. आपण म्हणतो येऊन राहिलं. निघालेला माणूस बी येऊन राहिला, अन् घरी पाय पसरून झोपलेला बी येऊन राहिला. फोनवर आपण सगळेच येऊन राहिलेलो असतो. कोणी कोणाला खोटं म्हणत न्हाई. ह्या एका शब्दाआड मी लपलो.

पार्सल आलं होतं.

आठ महिन्यांमागं आलं होतं. ऐकून घ्या. शांत राहा. आठ महिने ते रबर माझ्या गॅरेजच्या फळीवर, बिस्किटाच्या डब्यात होतं. ज्या दिवशी आलं, त्या दिवशी मी नाचलो. सरांना फोन लावायला मोबाईल हातात घेतलो. अन् थांबलो.

का थांबलो? ह्या चार दिवसांत मी स्वतःला लई कारणं सांगून बघितलो. सरांचं वय झालं होतं. गाडी जड. रस्ता खराब. काळजीपोटी केलो म्हणून. सगळं खोटं! काळजी-बिळजी काही न्हाई. मी माझ्यासाठी केलो.

माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. पोरगी लग्न होऊन लांब गेली, तिचा संसार हाय. घरी गेलं की भांड्याचा बी आवाज न्हाई. अख्ख्या दिवसात मला "उत्तम्या, जेवलास का रे" म्हणून विचारणारा एकच माणूस होता, तो चार वाजता यायचा. अन् तो का यायचा? गाडीसाठी. गाडी झाली तर सर ती घेऊन जाणार. देवणीला जाणार, अक्काकडं महिनाभर राहणार, मग इकडं तिकडं हिंडणार. मग चार वाजता माझ्या डब्यावर कोण बसणार? म्हणून डबा फळीवर ठेवलो. वाटलं, आठ दिवस. आठ दिवसांचा महिना झाला. मग आता सांगावं तर कोणत्या तोंडानं सांगावं, म्हणून पुढचा महिना.

अक्का, तुम्ही बी फोन केलात मला. ह्या सालच्या भाऊबीजेच्या आधी. भावाला लावला न्हाई, मला लावलात. म्हणलात, "उत्तम, येऊन राहिला का रे माझा भाऊ?" तुमचा आवाज कसा होता ते मला अजून ऐकू येतं. अन् मी काय म्हणलो?

"येऊन राहिलेत, अक्का."

तुम्ही ओवाळायचं ताट करून ठेवल्या असाल. मी विचारलो न्हाई. विचारायची हिंमत न्हाई.

आता सोमवारचं. गेल्या सोमवारी सर चार वाजता आले न्हाईत. बाराला आले. हातात पिशवी. डब्यावर बसले न्हाईत. म्हणले, "उत्तम, अक्का पडली म्हणं. पाय मोडलाय. मी एसटीनं जातो. मरू दे ती गाडी, मरू दे तो शब्द. अडीचची उदगीर गाडी हाय."

मंडळी, माणूस स्टँडवर निघाला होता. सहा वर्षांचा हट्ट सोडून, पिशवी घेऊन निघाला होता. मी नुसतं म्हणायचं होतं, "जावा सर." एवढंच. सांजच्याला ते देवणीला पोचले असते. अक्काच्या खाटेपाशी बसले असते.

मला काय सुचलं? मला वाटलं, आज चूक दुरुस्त करावी. ह्यांना एसटीत धक्के खात, हरलेलं तोंड घेऊन कशाला जाऊ द्यावं? गाडीवर ऐटीत जाऊ दे. म्हणून म्हणलो, "सर, थांबा. पार्सल आलं."

सर म्हणले, "कधी?"

अन् तिथं बी मी खोटं बोललो. म्हणलो, "आत्ताच. अर्धा तास झाला."

त्यांच्या तोंडावर जे आलं ना, ते मी सांगू शकत न्हाई. त्यांनी पिशवी खाली ठेवली. बाह्या सारल्या. म्हणले, "दे इकडं, मीच बसवतो." स्वतःच्या हातानं बसवलं. पाच वाजता इंजिन दोन्ही सिलिंडरवर सुरू झालं. एक धक्का न्हाई, एक खोकला न्हाई. शेजारचे टायरवाले, रसवाले, सगळे येऊन उभे राहिले. सर म्हणले, "एक चक्कर मारून बघू. मागं कोणीतरी पायजे, वजन धरून कशी चालते ते कळंल. बस."

मी बसलो.

लोह्याच्या रस्त्यानं गेलो. काट्यानं शंभर ओलांडलं अन् मी सवयीनं डोळे मिटून घेतलो. मग उघडलो. वाऱ्याचा आवाज डोक्यावरून चाललता. माझ्या शर्टाची कॉलर हलत नव्हती. सरांनी सांगितलेलं शब्द न् शब्द खरं होतं. गाडी रस्त्याला धरून होती, वळणाला झोपायची अन् उठायची, गॅस दिला की मागनं बैलागत उचलायची. सर मोठ्यानं म्हणले, "लागतोय का रे वारा?" मी म्हणलो, "न्हाई सर!" "धूळ?" "न्हाई सर!" अन् ते हसले. सत्तरीचा माणूस, पोरासारखा हसून राहिला होता.

ती गाडी पूर्ण तयार होऊन एकदाच चालली. मागं एकच माणूस बसला. ती जागा अक्काची होती, अन् तिथं मी बसलो. मी, ज्यानं आठ महिने ती गाडी अडवली, तो.

परत आल्यावर सर म्हणले, "आता अंधारात नको जायला. सकाळी सातला निघतो." काकू, सरांच्या पत्नी, हितं बसल्यात, त्या सांगतील. त्या सांजच्याला गाडी घरी नेऊन सरांनी काकूंकडनं एक उशी मागून घेतली. मागच्या सीटवर दोरीनं बांधली. अक्काचा पाय बरा झाला की कंबरेला टेका पायजे म्हणून. तीनदा सोडून तीनदा बांधली. आडवी बांधावी का उभी, त्याच्यावर काकूंशी भांडले.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी हवा तपासायला म्हणून सरांच्या घरी आलो. दार उघडं होतं. सर पायात एक बूट घालून खुर्चीत बसले होते. दुसरा हातात होता. मी म्हणलो, "सर, चला." दोनदा म्हणलो.

डॉक्टर म्हणतात हृदय थांबलं, कधी बी थांबलं असतं. बरोबर हाय. कधी बी थांबलं असतं. पण सोमवारी मी गप बसलो असतो, तर देवणीत थांबलं असतं. बहिणीच्या हातात हात देऊन थांबलं असतं. आठ महिने मी त्यांना खोटं बोलून अडवलो, अन् शेवटी एक दिवस निम्मं खरं बोलून कायमचं अडवलो. हे मी कुठं घेऊन जाऊ? सांगा मला. कोणत्या फळीवर ठेवू?

सर गेले तवा त्यांना ठाऊक नव्हतं की उत्तम्या खोटारडा हाय. हे आज पहिल्यांदा बोलून राहिलो. ज्यांना माझ्याकडं गाडी टाकायची न्हाई त्यांनी टाकू नका. माझी काही तक्रार न्हाई.

पण अक्का, तुम्ही आता ते वाक्य परत बोलू नका. तुमचा भाऊ रुसला नव्हता. तुमचा भाऊ पायात बूट घालून निघाला होता. उशी अजून सीटवर हाय, गाडी अंगणात हाय, हात लावून बघा. तो सहा वर्षं तुमच्याकडंच येत होता. त्याला येऊ दिलो न्हाई तो मी. त्याच्यावरचा राग सोडा अन् माझ्यावर धरा. माझी जागा हाय ती.

मंडळी, आता सगळ्यांनी उठून सरांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहावं. अक्का, तुम्ही बसूनच राहा. अन् तुम्ही तेवढं गप राहू नका. तोंडाला येईल ते बोला मला, सगळ्यांच्या देखत बोला. मी हितंच उभा हाय.